जुन्या ड्रिलचा जीर्णोद्धार
१८८९ साली मेलबर्न येथे आर्थर आर्नट आणि विल्यम ब्रेन यांनी ज्या विद्युत ड्रिलचे पेटंट सरकारदप्तरी नोंदविले, ते मुख्यतः खडक पोखरण्यासाठी व कोळसा काढण्यासाठी योजिलेले होते. परंतु त्याच ऑस्ट्रेलियात पुढे घडलेली, ॲल्युमिनियमच्या ओतीव कवचाची हातयंत्रे जे संग्राहक आज ममतेने जमवितात, त्यांना या यंत्रांचे खरे वैभव दुरुस्तीयोग्य रचनेत दिसते, आणि हे मत मला सर्वस्वी ग्राह्य वाटते. स्क्रू काढून कवच उघडावे, दंतचक्रांवरचे काळे, गोठलेले ग्रीस रॉकेलने धुवावे, झिजलेले कार्बन ब्रश बदलावेत, कम्युटेटरच्या तांब्यावरील काजळी बारीक काचपेपरने हलकेच उतरवावी. मात्र कवच धातूचे असल्यामुळे, तडकलेली रबरी वायर बदलून अर्थिंगची जोडणी जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज २४० व्होल्टचा प्रवाह त्यात कदापि सोडू नये.