पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण हॉकीच्या शौकिनांनी फारच मनावर घेतली आहे. अठरा वर्षांच्या पोराने दोन गडी चुकवले रे चुकवले, की एक काका त्याला थेट ऑलिंपिकला पाठवतात आणि शेजारचे काका ‘अजून कोवळा आहे हो!’ म्हणून परत आणतात.

खरे कोणाचे मानावे? २००१ साली होबार्टला आपल्या पोरांनी ज्युनियर विश्वचषक जिंकला, तेव्हा पहिल्या काकांची सरशी झाली. पण त्यांतला जुगराजसिंग २००३ मध्ये मोटार-अपघातात जबर जखमी झाला. आणि २००८ च्या ऑलिंपिकला तर भारत पात्रच ठरला नाही.

२०१६ साली लखनौला तोच चषक पुन्हा जिंकताना अंतिम सामन्यात सिमरनजितसिंगने गोल केला होता. तरी टोकियोसाठी निवडलेल्या सोळांत तो नव्हता, राखीव होता. संघ अठरांचा झाला म्हणून २०२१ मध्ये त्याला संधी मिळाली. जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी पदक आले, त्या सामन्यात दोन गोल त्याचे!

पाय पाळण्यात दिसत असतीलही. पण चालायला अंगण लागते, आणि पडलेले पोर उठेपर्यंत थांबणारी माणसे लागतात. दोन्ही काकांनी तेवढे थांबावे.