उंबरठा आणि ठेका

यंदा कानबाई देवीच्या विसर्जनाला आमच्या गावी, पहूरमध्ये डीजे आला. पत्रे थरथरले, म्हाताऱ्या ओसरीवरच बसून राहिल्या, फुगडी एकही झाली नाही. कानात कापूस कोंबून पडलो आणि वडील, नाना, आठवले.

त्यांच्यामुळे नाचाच्या उपचाराबद्दल वाचत आलो, पण त्याचा जुना इतिहास मला कधी रुचला नाही. 1942 मध्ये मेरियन चेसबाई वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात रुग्णांना नाचवू लागल्या, 1966 मध्ये अमेरिकेत नृत्योपचाराची संघटना निघाली, बरं. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या 469 वृद्धांचा अभ्यास आला. नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. नाचल्यामुळे डोकं शाबूत राहतं, की शाबूत डोक्याचेच नाचतात, हा प्रश्न पेपरवाल्यांना कधी पडला नाही.

मला भिडलं ते 2011 ते 2020 चं दशक. नानांना पार्किन्सन्स झाला. अंगणात बरे चालायचे, पण उंबरठ्याशी पाय खिळायचे. मेंदूच्या तळातून 'उचल' असा जो हुकूम सुटतो, तोच या आजारात अडखळतो. बाहेरून ठेका मिळाला तर पाय दुसऱ्या वाटेनं हलतात. हे वाचल्यापासून मी ताटलीवर चमचा वाजवायचो. टक, टक, टक, आणि नाना आत. शेजारच्यांना वाटायचं, जेवायला बोलावतोय.

अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये हॅकनी आणि इअरहार्ट या संशोधकांनी असे रुग्ण टँगो नाचायला लावले होते, त्यांचा तोल सुधारला. त्याचं कात्रण मी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं. "आता या वयात लावणी का, आजोबा?" म्हणत ते हसले. नानाही कसनुसं हसले. ते हसू मी त्या डॉक्टरांच्या खाती मांडून ठेवलंय. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नाच शिकवत होते. एसटीत पाय आखडायचे, म्हणून पीजे या छोट्या रेल्वेनं पाचोरा आणि पुढे रात्रभर मोठी रेल्वे, असे आम्ही दोनदा गेलो. दर आठवड्याला कोण नेणार? 2020 मध्ये ती पीजेही थांबली.

डॉक्टर अगदीच चूक नव्हते, हेही लिहितो. नैराश्यावर नृत्योपचार चालतो का, हे वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी 2015 मध्ये तपासलं, तेव्हा हाती तीन अभ्यास आणि 147 माणसं. ठाम काही म्हणता आलं नाही. 2017 मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्गहून निष्कर्ष आला: दीड वर्षात नाचणारे आणि व्यायाम करणारे, दोन्ही गटांत मेंदूतला स्मृतीचा भाग वाढला, तोल मात्र नाचणाऱ्यांचाच सुधारला. पहूरला मोजपट्टी घेऊन कोणी आलं नाही.

आलं असतं, तर 2016 च्या श्रावणातला तो सोमवार मोजायला मिळाला असता. कानबाई दारावरून निघाली, संबळ घुमत होता. मायनं नानांचा हात धरला. चमचा नाही, ताटली नाही. नाना उंबरठा ओलांडून थेट रस्त्यावर, गुडघे वाकवून, मान हलवत, मायभोवती एक पुरी गिरकी. माय लाजली. मग वाजंत्री कोपऱ्यावरून वळली, आवाज विरला आणि नाना रस्त्याच्या मधोमध खिळले.

मी चमचा आणायला घरात धावलो.