सर्व्हरवर खडकीचं नाव काय असतं?

समजा, तुम्ही पुण्यातल्या खडकीत राहता. मेलबॉक्समध्ये मिळकतकराच्या पावत्या, गॅसची बिलं, सोसायटीच्या नोटिसा यांचा ढीग साचलाय. तुम्ही थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये नवा फोल्डर काढता आणि त्याला मराठीत नाव देता, ‘खडकी’. संध्याकाळी मोबाइल उघडावा, तर तिथेही तोच फोल्डर, तेच नाव. यात नवल ते काय?

नवल हे, की जुन्या पद्धतीच्या मेल सर्व्हरला ‘खडकी’ हे नाव कधी कळलेलंच नसतं! त्याच्याकडे नोंद असते ती अशी: आधी ‘&’ हे चिन्ह, मग सी, आर, वाय, जे, आय, क्यू, के, व्ही, सी, यू, ए ही रोमन अक्षरं आणि शेवटी एक आडवी रेघ. यातला ‘के’ तेवढा लहान, बाकी सगळी कॅपिटल. ही कसली भानगड?

मेल सर्व्हरवरच ठेवून ती दुरून हाताळण्याची ‘आयमॅप’ ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला आखली. त्या काळी संगणकांचा समाईक चिन्हसंच होता ‘आस्की’. त्यात जेमतेम 128 जागा. देवनागरीतला साधा काना मावेल तर शपथ! पुढे जगभर असे सर्व्हर उभे राहिले. ते सगळे बदलणार कोण? आयमॅपच्या 1996 च्या नियमावलीने सुरेख तोड काढली. सर्व्हरला हात लावायचाच नाही. जाताना नाव रोमन अक्षरांत बांधायचं आणि येताना सोडवायचं, हे काम मेल प्रोग्रॅमचं. चाळीच्या अरुंद जिन्यातून मोठं कपाट नेताना ते सुटं करतात आणि वर खोलीत जसंच्या तसं जोडतात ना, तसंच हे.

आता हे सुटं करणं जवळून बघा. युनिकोड या जगातल्या लिप्यांच्या समाईक तक्त्यात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. ख म्हणजे 2326, ड 2337, क 2325 आणि दीर्घ वेलांटी 2368. डोळ्यांना अक्षरं तीन दिसतात, संगणकाला चिन्हं चार. क नंतर लगेच ख, पुढे ग, घ... शाळेत घोकलेली वर्णमालाच इथे क्रमाने उभी आहे! कारण युनिकोडमधला देवनागरीचा भाग ‘इस्की’ या 1988 च्या भारतीय तक्त्यावर बेतलाय. आणि ज्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या, ती संस्था खडकीच्या शेजारीच, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात वाढली.

प्रत्येक क्रमांक 16 बिटांत, म्हणजे शून्य आणि एक यांच्या 16 घरांत लिहायचा. चार चिन्हांची 64 घरं झाली. त्यांचे सहा-सहाचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एक ठरलेलं अक्षर द्यायचं. शेवटचा गट अपुरा पडला तर शून्यं भरायची. गट होतात 11, म्हणून अक्षरंही 11. देवनागरीतल्या प्रत्येक क्रमांकाची पहिली सहा घरं सारखीच असल्यामुळे, देवनागरी अक्षराने सुरू होणाऱ्या कुठल्याही फोल्डरच्या नोंदीत ‘&’ नंतर ‘सी’ येतोच. ‘अर्ज’ असो की ‘ज्ञानेश्वरी’, चुकायचा नाही!

सहा घरांतून 64 रचना बनतात, म्हणजे 64 चिन्हं हवीत. 26 कॅपिटल, 26 लहान अक्षरं आणि 10 अंक मिळून झाले 62. उरलेल्या दोन जागी एरवी अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ वापरतात. पण थांबा! कित्येक सर्व्हरवर तिरकी रेघ म्हणजे ‘इथून पुढे आतला फोल्डर’. मग ‘कविता’ नावाचा फोल्डर काढला तर? त्यातल्या ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक 2367, आणि त्याची शेवटची सहाही घरं ‘एक’ने भरलेली. ती इथे नेमकी एकाच गटात येतात आणि वाट्याला येते 64 वं चिन्ह, तिरकी रेघ! एका वेलांटीपायी ‘कविता’ची दोन शकलं झाली असती. नियमावलीने हे आधीच ओळखलं आणि तिरक्या रेघेच्या जागी स्वल्पविराम बसवला.

आणि नावातच ‘&’ असलं तर? त्याला लगेच आडवी रेघ जोडायची. म्हणजे इथे काही बांधलेलं नाही, चिन्ह आहे तसंच घ्यायचं. एकही फट शिल्लक नाही!

इंग्रजांनी खडकीच्या 1817 च्या लढाईला ‘किर्कीची लढाई’ म्हटलं. ‘किर्की’वरून मूळचा ख आणि ड परत मिळवायला वाटच नाही. फोल्डरच्या नावाचं तसं होत नाही. रोमन वेशात ते कितीही अनोळखी दिसलं, तरी उलट्या क्रमाने सोडवलं की प्रत्येक वेलांटी जागच्या जागी सापडते.

2021 च्या नव्या आयमॅपमध्ये तर नाव न बांधता थेट युनिकोडमध्ये पाठवता येतं. जुने सर्व्हर मात्र अजून चालू आहेत, त्यामुळे मेल प्रोग्रॅमना दोन्ही रीती याव्या लागतात. 1996 च्या नियमावलीत उदाहरणादाखल दिलेली नावं चिनी आणि जपानी आहेत. मराठीसाठी वेगळा नियम तिथे नाही. त्याची गरजच पडली नाही! जगातल्या कुठल्याही लिपीला जो नियम पुरतो, तोच आपल्यालाही पुरला. तेव्हा मराठी नाव टिकेल की नाही अशी शंका येऊन रोमन लिपीत फोल्डर काढत असाल, तर ती शंका सोडा. बेधडक मराठीत लिहा, अगदी जोडाक्षरांसकट.