एका क्विंटल सोयाबीनचा खेळ

२०२५ च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो पाठीवर बॅग आणि हातात एक भलंमोठं खोकं घेऊन. मला वाटलं, आईसाठी मिक्सर आणला! निघालं 'प्लेस्टेशन'. खोलीतल्या तिघा मित्रांनी वर्गणी काढून जुनंच विकत घेतलेलं, दिवाळीपुरतं आमच्या वाट्याला आलेलं. त्यानं ते बैठकीतल्या टीव्हीला जोडलं आणि माझी रात्रीची मालिका गेली ती गेलीच.

चार दिवसांनी खरा विषय निघाला.

"आई, या गेमचा दुसरा भाग आलाय. घेऊ का?"

"केवढ्याला?"

"पाच हजारांच्या आसपास."

माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हा खेळ जवळजवळ एका क्विंटलचा! त्यातून त्या वर्षी पावसानं पीक भिजवलेलं. 'नाही' अगदी ओठावर आलं होतं. पण बचत गटाच्या बैठकीत मीच बायांना सांगत असते, "पोरांना नाही म्हणायच्या आधी ते काय मागतात ते बघा तरी." आता स्वतःवर आल्यावर मागे कसं सरायचं? म्हटलं, "आधी मला दाखव."

त्यानं आधी पहिला भाग दाखवला. नाव 'घोस्ट ऑफ त्सुशिमा', २०२० साली आलेला. १२७४ मध्ये मंगोलांनी जपानवर स्वारी केली, तेव्हा वाटेतलं त्सुशिमा बेट त्यांनी आधी चिरडलं. बेटाचा सरदार सो सुकेकुनी ऐंशीएक स्वारांनिशी त्यांना आडवा गेला आणि मारला गेला, हा तिथला इतिहास. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला रामदेवराय यादव राज्य करत होते! गेमचा नायक जिन साकाई मात्र कल्पित. तो मधेच बसून हायकू रचतो. खरं तर हायकू शेकडो वर्षांनंतरची. तेव्हा मैत्रिणींनो, याला इतिहासाचं पुस्तक समजू नका. ही ऐतिहासिक कादंबरी आहे, एवढं पोरांना एकदा बजावून ठेवायचं.

पण एक गोष्ट ऐकून मी गप्पच झाले. २०२० च्या सप्टेंबरमधल्या वादळात त्सुशिमातल्या वातात्सुमी देवळाची कमान पडली. तिथल्या पुजाऱ्यांनी लोकवर्गणी मागितली ५० लाख येन. जमले २ कोटी ७० लाखांच्या वर! देणाऱ्यांत ठिकठिकाणचे हा गेम खेळणारे होते. ज्यांनी ते बेट फक्त पडद्यावर पाहिलं, त्यांनी देवळासाठी पैसे पाठवले. आमच्या अनसिंगचं नाव शृंगऋषींवरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. पण गावच्या देवळासाठी पट्टी गोळा करताना किती उंबरे झिजवावे लागतात ते मला विचारा!

दुसऱ्या भागाची डिस्क मुलानं वाशीमच्या मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणली. 'घोस्ट ऑफ योतेई', ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला. काळ तीनशे वर्षांहून पुढचा, १६०३ चा. मुलूख एझो, म्हणजे आजचं होक्काइदो, जिथे ऐनू हे मूळचे लोक राहत. पहिला भाग खेळला नसला तरी काही अडत नाही, कथा वेगळीच आहे. आणि इथे तलवार बाईच्या हातात! तिचं नाव आत्सू. वडील लोहार, आई शामिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य वाजवणारी. सहा जणांच्या टोळीनं घरच्यांना मारलं. सोळा वर्षांनी ती त्या सहांची नावं घेऊन परत येते, एकेकाला शोधत.

दोन संध्याकाळी मी शेजारी बसून भाजी निवडत पाहिलं. बर्फाचा डोंगर, वाऱ्यानं हलणारं गवत, सगळं डोळ्यांचं पारणं फेडणारं. ती जळक्या घरी परतते तेव्हा एक बटण दाबलं की जुनं, भरलेलं घर समोर उभं राहतं. आई तिला शामिसेन शिकवताना दिसते. हातातली मेथी तशीच राहिली हो माझी! पण लगेच पुढे तलवार, रक्त, किंकाळ्या. आठवीतली लेक डोळे फाडून बघत होती. तिला मी आत पाठवलं. डब्यावर १८ चा आकडा उगाच नसतो. मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याचं वेगळं.

सासूबाई जपमाळ घेऊन मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इचं कोनीच नाही राह्यलं काय वं? एकटीच फिरते बिचारी!" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "सूड घेतला म्हनून का घर भरते, बाप्पा?"

त्या वाक्यानं मला एकदम जिजाऊ आठवल्या. १६०३ मध्ये आपल्या सिंदखेडराजाला जिजाऊ पाच वर्षांच्या होत्या. पुढे १६२९ मध्ये निजामशाहानं दौलताबादला त्यांचे वडील लखुजीराव जाधव आणि भाऊ मारले. त्याही लेकीच होत्या, माहेर एका दिवसात उजाड झालं. पण त्यांनी नावांची यादी घेऊन तलवार नाही उपसली. पुढच्या वर्षी शिवबा जन्मले, आणि त्या माउलीनं लेकाच्या मनात राज्य रुजवलं.

हे सांगितलं तर मुलगा म्हणाला, "आई, हे तू कधी बोलली नाहीस." लागलं मला ते. पोरगं एझोचे डोंगर ओळखतं आणि शेजारच्या जिल्ह्यातली लखुजीरावांची समाधी त्यानं पाहिली नाही. दोष काय गेमचा?

तर मग घ्यावा का? माझं मत विचाराल तर घेण्यासारखा आहे, पण घाईनं नाही. एक तर हा फक्त 'प्लेस्टेशन ५' वर चालतो. यंत्र घरात नसेल तर खेळासाठी यंत्र घेणं म्हणजे म्हशीआधी दावण बांधणं. दुसरं, यंत्रात डिस्कची सोय असेल तर डिस्कच घ्या. ती मित्राला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते. नेटवरून उतरवलेला गेम असा विकता येत नाही. तिसरं, असे गेम काही महिन्यांनी सवलतीत मिळतात, जुनी डिस्क त्याहून स्वस्त. थांबलं तर पीक वाया जात नाही! आणि मूल लहान असेल तर सरळ नाही म्हणा.

बचत गटात मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "ताई, मोबाईलवर पैसे जातात ते हेच का?" नाही बायांनो, ते वेगळं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केला. हा गेम एकदा विकत घेतला की संपलं, पुस्तकासारखं. 'गेम' या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो आणि मग पोरांशी भांडतो.

मुलाला मी सांगितलं, "तुझ्या शिकवणीच्या पैशातून घे, जुनी डिस्क घे, परीक्षा झाल्यावर घे." तो म्हणाला, "म्हणजे हो?" म्हटलं, "हो. पण आधी सिंदखेडराजा."

भाऊबीज झाल्यावर आम्ही चौघं गेलो. सासूबाईंनी समाधीपुढे डोकं टेकवलं. मुलगा बराच वेळ वर बघत उभा राहिला, मग बहिणीला म्हणाला, "चल, तुला लखुजीरावांची गोष्ट सांगतो." कालच मी सांगितलेली गोष्ट, पण माझ्यापेक्षा रंगवून सांगितली बरं त्यानं!