पावसाळी किडे आणि आपले अंगण

मृगाच्या सरी कोसळल्या की बेळगाव-निपाणी परिसरातील परसबागा आणि हिरवळी तरारून येतात व त्यांच्यासोबत कीटकसृष्टीही जागी होते. पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते, मुंग्या माजघरापर्यंत रांग लावतात. यांचा उपद्रव बहुधा त्रासापुरताच असतो. बाहेरचा दिवा मालवला की वाळवीचा लोंढा ओसरतो. त्यासाठी औषध फवारणे हा निव्वळ अपव्यय होय.

दवाखान्यात मात्र याच दिवसांत एक वेगळा रुग्ण येतो. मानेवर किंवा दंडावर चटका बसल्यासारखा लाल पट्टा, त्यावर बारीक फोड आणि 'काही चावल्याचे आठवत नाही' ही तक्रार! पुष्कळदा याला नागीण समजून महागडी औषधे दिली जातात. खरा कारणीभूत असतो पिडेरस नावाचा, मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा लहानसा भुंगेरा. तो चावत नाही वा डंखही मारत नाही. रात्री उजेडाकडे आलेला हा किडा अंगावर चिरडला गेला, की त्याच्या शरीरद्रवातील पिडेरिन हे द्रव्य त्वचेला लागते आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी दाह सुरू होतो. कोपराच्या वळणात समोरासमोर दोन सारखे व्रण दिसले तर निदान जवळजवळ निश्चित समजावे. किडा फुंकर मारून उडवावा, चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये.

याहून गंभीर प्रश्न एडिस डासाचा. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशके हा आजार जणू विस्मृतीत गेला आणि २००६ साली कर्नाटक-महाराष्ट्रासह देशभर तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. सांधे धरून वाकत चालणारी माणसे त्या वर्षी ज्यांनी पाहिली, ते ती विसरणार नाहीत. हा डास गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येते तेथे पिंप, हौद, घागरी भरून ठेवल्याच जातात. म्हणजे डासांची पैदास ही पाणीपुरवठ्याशी निगडित बाब आहे, केवळ गृहिणीच्या निष्काळजीपणाची नव्हे. बेळगावात २००८ साली काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. त्याकडे आरोग्याच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. तूर्त आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. घासणे महत्त्वाचे, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. हौदात गप्पी मासे सोडावेत. धुराची गाडी रस्त्यावरून गेली की लोकांना समाधान वाटते खरे, परंतु तो धूर उडते डास मारतो, पाण्यातल्या अळ्या नव्हे.

निपाणीकडे झाडांवरील किडीसाठी तंबाखूचा काढा फवारण्याची जुनी पद्धत आहे. निकोटिन हे कीटकनाशक आहेच. पण ते त्वचेतूनही शोषले जाते आणि मळमळ, घेरी आणते. हा काढा उघड्या हाताने फवारू नये, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

पावसाळा सरला तरी डॉक्टरांनी एक बाब ध्यानी ठेवावी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला, गोचिडांमुळे पसरणारा माकडताप २०१५-१६ मध्ये गोवा, दोडामार्ग आणि आपल्या सीमेवरील कष्टकऱ्यांपर्यंत पोहोचला. काजूच्या हंगामात चोर्ला घाटापलीकडे मजुरीस गेलेला माणूस ताप घेऊन गावी परततो, तेव्हा 'ताप कधीपासून?' या प्रश्नाला जोडूनच 'कामाला कुठे होता?' हेही विचारावे.