परदेशासाठी पोलीस दाखला : नोटरी हवी कुठे, नको कुठे?

नोकरी, शिक्षण किंवा स्थलांतरासाठी परदेशी निघालेल्यांना पोलीस दाखला, म्हणजेच ‘पीसीसी’, मागितला जातो. मुकुंदवाडी-चिकलठाणा परिसरातील अर्जदारही त्यासाठी आधी नोटरीकडे धाव घेतात. प्रत्यक्षात प्रत्येक कागदावर नोटरीचा शिक्का लागतोच असे नाही. न मागितलेला शिक्का हाच यातील मोठा अनावश्यक खर्च ठरतो.

भारतातील वास्तव्यासाठी

हा दाखला पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज केल्यास पासपोर्ट कार्यालय देते. शुल्क ५०० रुपये असून, आवश्यकतेनुसार स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत पडताळणी होते. मूळ कागदपत्रे आणि स्वसाक्षांकित प्रती पुरतात. पासपोर्ट अर्जासोबतच्या जोडपत्रांवरील नोटरीची सक्तीही परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये रद्द केली आहे.

परदेशातील वास्तव्यासाठी

पूर्वी ज्या देशात राहिलो, तेथील दाखला त्याच देशाकडे मागावा लागतो व नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेची ‘एफबीआय’ १८ डॉलर शुल्क आणि बोटांचे ठसे घेते. न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या गुन्हेनोंदीचा उतारा विनाशुल्क मिळतो. म्हणून संबंधित यंत्रणेची कागदपत्रांची यादी आधी वाचावी. ‘प्रमाणित प्रत’ असा स्पष्ट उल्लेख असेल, तरच नोटरीकडे जावे.

खर्च कसा आवरावा?

मूळ कागद व छायाप्रत घेऊन स्वतः जावे. नोटरीला घरी बोलावल्यास प्रवासभत्ता द्यावा लागतो. सत्यप्रतीसाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. तो प्रतिज्ञापत्राला लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यावा लागत असल्याने हा फरक ध्यानात ठेवणे हिताचे.

नोटरी अधिनियम, १९५२ खालील १९५६ च्या नियमांनुसार नोटरीने शुल्काचे दर कार्यालयाच्या आत व बाहेर ठळकपणे लावणे आणि घेतलेल्या रकमेची पावती देणे बंधनकारक आहे. अदालत रोडवरील न्यायालय परिसरात काम करून घेताना आधी दरफलक पाहावा व नंतर पावती मागावी. शिक्क्यावर नाव, नोंदणी क्रमांक आहे ना आणि नोंदवहीत नोंद झाली ना, याची खात्री करावी.

काही देशांना दाखल्यावर ‘अपोस्टिल’ही लागते. ही सोय भारतात २००५ पासून असून, परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क प्रति कागद ५० रुपये आहे. सेवा संस्थेचा आकार वेगळा. नोटरीचा शिक्का अपोस्टिलची जागा घेऊ शकत नाही. एजंटाला ‘पॅकेज’चे पैसे मोजण्यापूर्वी कोणता शिक्का कोणी मागितला आहे, हे त्याला लेखी दाखवायला सांगावे.