गाणं तुमचं, मग पैसा कुणाचा? सुपारी घेण्याआधी लोककलावंतांनी एवढं वाचाच

जत : मार्गशीर्षात यल्लमा देवीची यात्रा आली की जत तालुक्यात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. धनगरी ओव्या, गजीनृत्य, भारुड, भजन आणि सीमेकडच्या गावांत कन्नड पदंही. आता स्टेजसमोर माणसांइतकेच मोबाईल असतात. रात्री म्हटलेलं गाणं सकाळी यूट्यूबवर दिसतं, पण रचणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. अशा वेळी कायदा काय सांगतो, ते माहीत असलेलं बरं.

जिल्ह्यातली दोन मोठी नावं

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजेच पठ्ठे बापूराव. त्यांच्या लावण्यांनी अख्खा महाराष्ट्र वेडा केला. पण १९४५ मध्ये ते गेले ते हलाखीतच. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. १९६९ मध्ये तेही गरिबीतच गेले. नाव झालं, पैसा हाती राहिला नाही.

हक्क कधीपासून, कुठपर्यंत?

गाणं वहीत लिहिलं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते लिहिणाऱ्याचं. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येते. केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयात एका गीताची फी ५०० रुपये आहे. हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे अण्णा भाऊंच्या गाण्यांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. पठ्ठे बापूरावांच्या हयातीत छापलेल्या लावण्या मात्र आज कुणीही गाऊ शकतो. पिढीजात ओवीवर एकट्याची मालकी नसते. पण त्या चालीत तुम्ही नवे शब्द बसवले, तर ते शब्द तुमचे.

सही करताना काय बघायचं?

कॅसेटच्या काळात एकरकमी पैसे घेऊन गाणं कायमचं देऊन टाकायची रीत होती. २०१२ च्या दुरुस्तीनं त्याला आळा घातला. गाणं कंपनीला दिलं तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा काढून घेता येत नाही. 'रॉयल्टी सोडली' असं लिहून घेतलं तरी ते कायद्यात टिकत नाही.

करार लेखी आणि सहीचाच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ही रॉयल्टी गोळा करून वाटायचं काम 'आयपीआरएस' ही संस्था करते. गीतकार आणि संगीतकारांना तिचं सभासद होता येतं.

गाणाऱ्याचं काय?

गाणं दुसऱ्याचं असलं तरी गाणाऱ्याचा, ढोल वाजवणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. घरी बघायला कुणी शूटिंग केलं तर हरकत नाही. पण संमतीशिवाय ते चॅनेलवर टाकून कमाई करता येत नाही.

म्हणून सुपारी ठरवतानाच यात्रा कमिटीशी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : शूटिंग कोण करणार, ते कुठं टाकणार आणि खाली नाव कुणाचं येणार. वहीतल्या प्रत्येक गाण्याखाली तारीख टाकावी, पानाचा फोटो काढून ठेवावा. आणि कन्नड, मराठी वा इंग्रजी, कागद कुठल्याही भाषेतला असो, समजल्याशिवाय अंगठा देऊ नये.